चाव्याची पातळी



खेड्यातल्या पुष्कळ घरांत फडताळात किंवा कोनाड्यात एक लहानशी डबी असते. तिच्यात घरातल्या म्हाताऱ्या माणसाची कवळी असते. लग्नकार्याला जायचे असले किंवा फोटो काढायचा असला, की डबी उघडते. जेवायच्या वेळी मात्र कवळी डबीत आणि भाकरी दुधात कुस्करलेली, असा प्रकार चालतो. विचारले तर उत्तर मिळते, "टोचते", "बोलताना वाजते", "जीभ चावली जाते", नाही तर "तोंडात ठरतच नाही". मग घरची माणसे म्हणतात, "म्हातारपणी असेच चालायचे." आणि विषय तिथेच मिटतो.

तो तसा मिटू नये असे मला वाटते. चावता येत नाही म्हटल्यावर माणूस पहिल्यांदा शेंगदाणे सोडतो, मग हरभरे, मग काकडी-मुळा, पालेभाजी आणि शेवटी ज्वारीची भाकरी. उरतो तो मऊ भात, पातळ वरण आणि चहात बुडवलेली बिस्किटे. अंगातली शक्ती कमी होते. शब्द नीट उमटत नाहीत म्हणून माणूस चारचौघांत बोलायचे टाळतो. सबंध गावाला सल्ला देणारे एखादे जाणते माणूस ओसरीवर गप्प बसू लागते. एवढे सारे एका न बसणाऱ्या कवळीमुळे होते.

कवळी न बसण्याची कारणे अनेक असतात. माप नीट आलेले नसते, हिरडी फार झिजलेली असते, तोंडाला कोरड पडत असते. परंतु एक कारण असे आहे, की त्याची सामान्य माणसाला कल्पनाच नसते, आणि ते टाळण्यात खुद्द कवळी लावणाराचा वाटा फार मोठा असतो. ते कारण म्हणजे चाव्याची पातळी ठरवण्यात राहिलेली चूक. दंतवैद्य या कामाला 'बाइट घेणे' असे म्हणतात. आज मी तुम्हांला त्याविषयीच सांगणार आहे.

आधी ही पातळी म्हणजे काय ते पाहू. जाते डोळ्यांपुढे आणा. खालचा दगड सारखा बसलेला असला म्हणजे वरचा हलक्या हाताने फिरतो आणि पीठ चोहोबाजूंनी सारखे पडते. खालचा दगड एका अंगाला कलला तर एका बाजूला बारीक, दुसऱ्या बाजूला भरड, आणि दळणारीच्या खांद्याला ओढ बसते ती वेगळीच. आपल्या तोंडातही वरच्या आणि खालच्या दातांची जिथे गाठ पडते तिथे एक पातळी असते. निसर्ग ती लहानपणापासून हळूहळू बसवत आणतो. ती अगदी फळीसारखी सपाट नसते. मागच्या दाढांकडे ती किंचित वर चढत जाते. जर्मन शरीरशास्त्रज्ञ श्पे यांनी १८९० साली या वळणाचे वर्णन केले आणि आजही ते वळण त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

आता सगळे दात पडले असे समजा. शेताच्या हद्दीचे दगड कोणी उपटून टाकले म्हणजे जशी पंचाईत होते, तशी इथे होते. वरचा दात कुठपर्यंत येत होता, खालचा कुठे भेटत होता, दोन्ही जबड्यांत अंतर किती होते, हे सांगणारी एकही खूण तोंडात उरत नाही. उरतो तो हिरडीचा नुसता वरंबा, आणि तोही वर्षानुवर्षे झिजत जातो. दात काढल्यानंतरच्या पहिल्या वर्षात ही झीज सर्वांत जास्त असते. टालग्रेन या संशोधिकेने कवळी वापरणाऱ्या माणसांचा तब्बल २५ वर्षांचा अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध केला. त्यात खालच्या जबड्याच्या पुढच्या भागाची झीज वरच्याच्या सुमारे चौपट असल्याचे आढळले. म्हणून 'दोन हिरड्यांच्या बरोबर मधोमध पातळी धरा' असे कोणी म्हटले तर तो हिशेब फसवा ठरतो. एक बांध दुसऱ्यापेक्षा चौपट वाहून गेला असेल, तर त्यांचा मध्य हा मूळचा मध्य कसा राहील?

मग दंतवैद्य काय करतो? तो हद्द पुन्हा मोजतो. गावात मोजणीदार येतो तेव्हा तो हललेल्या दगडांवर भिस्त ठेवत नाही. विहीर, देऊळ, जुने झाड अशा न हलणाऱ्या खुणा शोधतो. दंतवैद्यही चेहऱ्यावरच्या न हलणाऱ्या खुणा शोधतो. त्याला तीन प्रश्नांची उत्तरे हवी असतात. चावण्याची पातळी कुठे? दोन जबड्यांमधली उंची किती? आणि खालचा जबडा मागे-पुढे नेमका कोणत्या जागी? ही तीन उत्तरे बरोबर आली तर कवळी निभावते. यातले एक जरी चुकले, तरी दात कितीही पांढरे नि सुंदर असोत, कवळी डबीतच जायची.

या कामासाठी मेण वापरतात. आधीच्या भेटींत हिरड्यांची मापे घेऊन प्लास्टरचे साचे केलेले असतात. त्या साच्यांवर कडक पदार्थाच्या दोन बैठका करतात, एक वरच्या जबड्याची आणि एक खालच्या. प्रत्येक बैठकीवर घोड्याच्या नालाच्या आकाराची मेणाची भिंत उभी करतात. पुढे जिथे दात यायचे, तिथे आज मेण उभे आहे असे समजा. वरची भिंत पुढच्या बाजूला, ओठाच्या आतल्या खाचेपासून कडेपर्यंत, सुमारे २२ मिलिमीटर ठेवतात आणि मागे सुमारे १८ मिलिमीटर. खालची पुढे सुमारे १८ मिलिमीटर असते. ही झाली सुरुवातीची बेतणी. शिंपी जसा अंगावर चढवून मग टाके घालतो, तसे हे मेण तोंडात घालून, पाहून, कमी-जास्त करायचे असते.

पहिल्यांदा ओठ पाहतात. दात गेले की वरचा ओठ आत ओढला जातो, नाकाखाली सुरकुत्या पडतात. मेणाची भिंत थोडी बाहेर किंवा थोडी आत करून ओठाला पूर्वीचा आधार देतात. मग भिंतीची लांबी पाहतात. ओठ सैल सोडल्यावर मेणाची कड ओठाखाली एखाद-दोन मिलिमीटर दिसावी असा साधारण नियम आहे. वय झालेल्या माणसाचा ओठ लोंबतो, तेव्हा त्याला त्याहूनही कमी दिसलेले शोभते. सत्तरीच्या आजोबांना विशीतल्या मुलासारखे दात दाखवायला लावले, तर ते तोंड त्यांचे वाटणार नाही.

इथे आपली भाषा मदतीला येते, आणि शिक्षक बंधुभगिनींना हे ऐकून गंमत वाटेल. 'व' हे अक्षर आपण व्याकरणात दंतोष्ठ्य म्हणून शिकवतो. ते म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाजवळ येते. म्हणून दंतवैद्य मेण तोंडात असताना 'वावर', 'विहीर', 'वैशाख', 'विठोबा' असे शब्द म्हणायला सांगतो. कड खालच्या ओठाच्या ओल्या-कोरड्या रेघेवर हलकेच टेकली तर लांबी बरोबर. कड ओठात रुतू लागली तर मेण जास्त आहे. ओठापर्यंत पोचलीच नाही तर कमी आहे.

आता पातळी. समोरून पाहिले तर मेणाची कड दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांना जोडणाऱ्या रेषेला समांतर हवी. ती तिरपी झाली तर हसताना सबंध चेहरा वाकडा दिसतो. बाजूने पाहिले तर ती आणखी एका रेषेला समांतर हवी. कानाच्या भोकापुढे एक लहानसा मांसल उंचवटा असतो. तिथून नाकपुडीच्या बाहेरच्या खालच्या कडेपर्यंत एक सरळ दोरा धरला अशी कल्पना करा. या रेषेला कँपर यांची रेषा म्हणतात. पेत्रुस कँपर हे अठराव्या शतकातले हॉलंडचे शरीरशास्त्रज्ञ. त्यांचा जन्म १७२२ चा आणि मृत्यू १७८९ चा. माणसांचे चेहरे मोजण्यासाठी त्यांनी कान आणि नाक यांना जोडणारी रेषा वापरली. कवळ्यांशी त्यांचा काही संबंध नव्हता. पण पुढे दंतवैद्यांच्या ध्यानात आले, की नैसर्गिक दातांची पातळी साधारण याच रेषेला समांतर असते. दात गेले तरी कान नि नाक जागेवरच असतात, म्हणून ही खूण उपयोगी पडली.

पण तोंडातली पातळी बाहेरच्या रेषेशी ताडून कशी पाहायची? गवंडी पाणसळ लावतो, तसे एक साधे साधन असते. धातूची किंवा प्लास्टिकची एक चपटी पट्टी घेतात. तिचा मधला भाग तोंडात मेणाच्या कडेला टेकतो आणि दोन लांब पंख गालांच्या बाहेर येतात. आतली पातळी अशी बाहेर दिसू लागते. फॉक्स यांच्या नावाने ही पट्टी ओळखली जाते. पंख नाक-कानाच्या रेषेला समांतर होईपर्यंत दंतवैद्य तापवलेल्या सुरीने मेण थोडे थोडे काढतो किंवा चढवतो.

शिक्षकांनी वर्गात हा प्रयोग करून पाहावा. मुलाने धुतलेली स्वतःची सपाट पट्टी दाढांमध्ये आडवी धरावी. दुसऱ्याने त्याच्या कानापुढून नाकपुडीपर्यंत दोरा ताणून धरावा. बाजूने पाहिले की दोरा आणि दातांची पातळी बहुतेक बरोबर जाताना दिसतील. 'बहुतेक' हा शब्द मी मुद्दाम वापरला. काही चेहऱ्यांत थोडा फरक पडतो. शिवाय कानापुढच्या उंचवट्याचा वरचा बिंदू धरावा, मधला की खालचा, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. म्हणून शहाणा दंतवैद्य एकाच रेषेवर विसंबत नाही. खालच्या जबड्यात अक्कलदाढेच्या जागेमागे मांसाची एक मऊ उशी असते. ती दात गेल्यावरही फारशी बदलत नाही. मागच्या बाजूला पातळी या उशीच्या तळापासून दोन-तृतीयांश उंचीच्या वर जाऊ नये असे धरतात. पुढे ती तोंडाच्या कोपऱ्याजवळ यावी, आणि जीभ सैल पडली असता तिच्या कडेच्या बेताने असावी.

जिभेची गोष्ट मोठी महत्त्वाची आहे. जेवताना जीभ ही घास दाढांवर सारणारी बाई आहे. जात्यात वैरण घालणाऱ्या हाताचे काम ती करते. खालच्या कवळीची पातळी फार उंच झाली तर जिभेला घास वर चढवावा लागतो. ती कवळीच्या कडेला धडका देते आणि खालची कवळी उचलली जाते. पातळी फार खाली गेली तर जीभ दातांवर पसरते आणि चावली जाते. पातळी पुढे किंवा मागे उतरती झाली तर प्रत्येक घासाला कवळी त्या उतारावरून घसरते. मग त्या घसरण्याने हिरडी सोलते आणि आपण म्हणतो, 'कवळी टोचते.'

दुसरा प्रश्न उंचीचा. तुम्ही स्वस्थ बसला आहात, काही खात नाही, बोलत नाही, ओठ मिटलेले आहेत, अशा वेळी तुमचे वरचे नि खालचे दात टेकलेले असतात का? ध्यान देऊन पाहा. टेकलेले नसतात. मधे थोडी फट असते, साधारण २ ते ४ मिलिमीटरची. या विसाव्याच्या फटीवर सबंध उंचीचे गणित उभे आहे. दंतवैद्य नाकाच्या शेंड्यावर एक ठिपका देतो आणि हनुवटीवर दुसरा. मग म्हणतो, ओठांवरून जीभ फिरवा, आवंढा गिळा, खांदे सैल सोडा, 'मामा' म्हणा. 'म' म्हटल्यावर ओठ मिटतात आणि जबडा विसाव्याला येतो. त्या क्षणी दोन ठिपक्यांमधले अंतर मोजतात. त्यातून ही २ ते ४ मिलिमीटरची फट वजा केली की दात टेकलेले असतानाची उंची मिळते. एकदाच मोजून भागत नाही. चार-पाच वेळा मोजून ताळा पाहतात.

फट ठेवलीच नाही, म्हणजे उंची जास्त झाली, तर काय होते? स्नायूंना विसावा मिळत नाही. ओठ जुळवायला जोर लागतो. बोलताना दातांवर दात टकटक वाजतात. दिवसभर हिरडीवर दाब राहून ती दुखते आणि आतले हाड अधिकच झिजते. उंची कमी झाली तर उलटे होते. हनुवटी नाकाकडे येते, चेहरा बसका दिसतो, चावण्यात जोर राहत नाही. तोंडाच्या कोपऱ्यांशी घडी पडते, त्या घडीत लाळ साठून कातडी चिरते. पुष्कळ म्हाताऱ्या माणसांच्या तोंडाच्या कोपऱ्यांना वरचेवर चिरा पडतात. त्याला रक्ताची कमतरता किंवा जीवनसत्त्वांची उणीव ही कारणे असतात, तशी कधी कधी जुन्या झिजलेल्या कवळीची कमी झालेली उंची हेही कारण असते.

इथेही भाषा ताळा पाहायला मदत करते. 'स' म्हणताना वरचे नि खालचे दात एकमेकांच्या अगदी जवळ येतात, पण टेकत नाहीत. सिल्व्हरमन या दंतवैद्याने १९५३ साली बोलतानाच्या या जवळिकेचा उंची पाहण्यासाठी उपयोग करून दाखवला. आपल्याकडे आकडे मोजायला सांगावेत. साठ, एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, अशी साठी पुरी करेपर्यंत प्रत्येक आकड्यात 'स' येतो. मोजताना मेणावर मेण आपटू लागले तर उंची जास्त आहे असे समजावे.

तिसरा प्रश्न जागेचा, आणि तो सर्वांत अवघड. खालचा जबडा कानापुढच्या दोन सांध्यांवर टांगलेला आहे. तो वर-खाली होतो, पुढे येतो, बाजूला सरकतो. दात असताना ते एकमेकांत गुंतून जबड्याला एका ठरावीक जागी आणतात. दात नसले की हा लगाम सुटतो. पुष्कळ दिवस बोळक्या तोंडाने राहिलेले माणूस पुढच्या हिरड्यांनी चघळायला शिकते आणि त्याचा जबडा पुढे सरकायला लागतो. अशा माणसाला 'तोंड मिटा' म्हटले की ते सवयीने जबडा पुढे आणून मिटते. त्याच जागी कवळी केली तर दवाखान्यात ती ठीक दिसते. घरी जाऊन घास चावताना जबडा मागे आपल्या मूळ जागी जातो, आणि वरचे दात खालच्या दातांना भेटतच नाहीत.

म्हणून दंतवैद्य सांगतो, जिभेचे टोक वर टाळूच्या मागच्या बाजूला लावा आणि तसेच हळू मिटा. काही जण बैठकीच्या मागच्या भागावर मेणाची एक लहान गोळी चिकटवतात आणि जिभेने ती चाचपायला सांगतात. जीभ मागे गेली की जबडाही तिच्यामागे जातो. काही जण गिळायला सांगतात. आणखी एक पद्धत आहे. खालच्या बैठकीवर काजळी किंवा रंग लावलेली पट्टी बसवतात आणि वरच्या बैठकीवर एक टोकदार खिळा. जबडा पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे नेला की पट्टीवर बाणाच्या टोकासारखी आकृती उमटते. त्या टोकाशी जबड्याची मागची जागा असते. स्वित्झर्लंडमधल्या झुरिचचे प्राध्यापक गिझी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ही पद्धत पुढे आणली.

जागा सापडली की दोन्ही मेणाच्या भिंती त्याच स्थितीत एकमेकींना पक्क्या जोडतात. त्याआधी चेहऱ्याची मधली रेघ, सुळ्यांच्या जागा, आणि हसताना ओठ कुठवर वर जातो ती रेघ मेणावर कोरून ठेवतात. त्यावरून दातांची रुंदी-उंची निवडता येते. मग सारे प्लास्टरने एका बिजागरीच्या यंत्रावर बसवतात. त्याला आर्टिक्युलेटर म्हणतात. हे यंत्र म्हणजे रोग्याच्या जबड्याची नक्कल. तंत्रज्ञ त्यावर एकेक दात लावतो. रोगी आपल्या गावी असतो, त्याचा चावा तेवढा यंत्रावर असतो. चावा चुकीचा घेतलेला असला, तर तंत्रज्ञ कितीही निष्णात असला तरी तो चुकीच्या चाव्यावरच सुरेख दात लावणार!

तुम्ही विचाराल, आता संगणक आले, छपाईयंत्रातून दात निघू लागले, हाडात स्क्रू बसवून त्यावर कवळी अडकवता येते, मग या मेणाच्या खटपटीची गरज काय? ती नवी साधने चांगलीच आहेत. ज्याची खालची हिरडी फार झिजली आहे त्याला हाडातल्या दोन स्क्रूंचा मोठा आधार होतो. पण उंची किती, पातळी कुठे आणि जबडा कोणत्या जागी, हे तीन प्रश्न तिथेही सोडवावेच लागतात. पदार्थ बदलत आले आहेत. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन १७८९ साली अधिकारावर आले तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांच्या कवळ्यांत पाणघोड्याचा दात कोरून घातलेला असे आणि वरची-खालची कवळी स्प्रिंगने ताणून धरलेली असे. १८५१ नंतर कडक रबराच्या कवळ्या आल्या. १९३७ च्या सुमारास अॅक्रिलिक आले, आणि आजही बहुसंख्य कवळ्या त्याच्याच होतात. पदार्थ बदलला तरी चावा घ्यायला समोर जिवंत माणूस बसवावाच लागतो.

आणि म्हणूनच मी आरंभी म्हटले, की यात कवळी लावणाराचा वाटा मोठा आहे. तो कसा उचलायचा ते आता सांगतो.

चावा घेण्याच्या दिवशी घाईने जाऊ नये. परतीची एस. टी. तासाभराने सुटणार आहे अशा धास्तीने बसलेल्या माणसाचा जबडा सैल पडत नाही. त्या दिवसापुरते दुसरे काम ठेवू नये. थोडे खाऊन, विसावा घेऊन जावे. तोंडात जुनी कवळी असेल तर दंतवैद्याला विचारून एक-दोन दिवस आधी काढून ठेवावी, म्हणजे दबलेली हिरडी मूळ रूपावर येते. मात्र ती बरोबर न्यावी. ती जुनी असली तरी पुष्कळ सांगते. दात असतानाचा एखादा हसरा फोटो घरात असला तर तोही न्यावा. लग्नातला असला तरी चालेल. ऐकायला कमी येत असेल तर ते आधीच सांगावे. घरातले कोणीतरी बरोबर असावे, कारण आईचा किंवा वडिलांचा चेहरा पूर्वी कसा दिसत होता हे मुलामुलींना ठाऊक असते.

खुर्चीवर बसल्यावर जोराने चावून दाखवू नये. 'मिटा' म्हटले की पुष्कळ जण आपली ताकद दाखवायला जातात आणि मऊ मेण दबून सारे माप बिघडते. हळूच, सैल जबड्याने मिटावे. दंतवैद्याने तीच गोष्ट पाच वेळा करायला सांगितली तर कंटाळू नये. तो तुमची परीक्षा घेत नसतो. तो आपलाच ताळा पाहत असतो.

यानंतरची भेट तर सर्वांत मोलाची. त्या वेळी दात लावलेले असतात, पण मेणात. ही कवळी घालून पाहायची असते. आरसा मागून घ्यावा, शक्य तर खिडकीच्या उजेडात पाहावे. चार वाक्ये मोठ्याने बोलावीत. आपल्या मराठीत 'चमचा', 'चूल', 'जखम' या शब्दांतले च आणि ज जिभेचे टोक पुढच्या दातांमागे लावून म्हणतात. ते शब्द म्हणून पाहावेत. साठीचे आकडे मोजावेत. दात एका बाजूला आधी टेकतात असे वाटले, ओठ मिटायला जोर लागतो असे वाटले, चेहरा वाकडा वाटला, तर ते त्याच वेळी सांगावे. आपल्याकडची वडीलधारी माणसे, विशेषतः बायका, डॉक्टरांसमोर संकोच करतात. 'बरं आहे' म्हणून उठतात आणि घरी येऊन रडतात. तसे करू नये. मेणातला दात पाच मिनिटांत हलवता येतो. तेच दात अॅक्रिलिकमध्ये पक्के झाल्यावर पातळी किंवा उंची बदलायची म्हणजे बहुधा पुन्हा पहिल्यापासून काम. तेव्हा काय सांगायचे ते मेणात असतानाच सांगा.

आता हे सारे ऐकल्यावर एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. अशी कवळी एका बैठकीत होत नाही. मापाच्या दोन भेटी, चाव्याची एक, मेणातले दात पाहण्याची एक, आणि तयार कवळी देण्याची एक, अशा साधारण पाच भेटी लागतात. नंतर टोचणारी जागा घासून घेण्यासाठी आणखी एक-दोन. बाजाराच्या दिवशी रस्त्याच्या कडेला बसून 'घटकाभरात दात बसवून देतो' म्हणणारा माणूस यातले काय मोजणार? झटपट घट्ट होणारे रसायन हिरडीवर चिकटवून बसवलेल्या दातांनी तोंडाला जखमा होतात. असे दात काढून स्वच्छ करता येत नाहीत. कोलकात्यात डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली देशातले पहिले दंत महाविद्यालय काढले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ पासून आहे. १९४८ साली दंतवैद्यकाचा कायदा होऊन नोंदणीची पद्धत आली. आज मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. अशा ठिकाणी खाजगी दवाखान्यापेक्षा खर्च कमी येतो. फेऱ्या जास्त पडतील, पण शिकाऊ डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात आणि प्रत्येक पायरी तपासली जाते.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. गावात बोळक्या तोंडाने गप्प बसलेली माणसे तुम्हांला माहीत असतात. त्यांच्या नातवंडांना तुम्ही शिकवता. दोऱ्याचा तो प्रयोग वर्गात केलात, तर मुले घरी जाऊन आजीच्या कानापासून नाकापर्यंत दोरा धरतील आणि त्यातून बोलणे निघेल. कोणाची कवळी वापरात नाही, का नाही, हे सहज कळेल. कधी जुनी कवळी थोडी घासून किंवा आतून नवा थर देऊन चालते. कधी नवीनच करावी लागते. दंतवैद्याकडे नेल्याशिवाय ते ठरत नाही.

नवी कवळी आल्यावरही पहिले काही आठवडे धीर धरावा लागतो. पहिल्याच दिवशी भाकरीचा तुकडा पुढच्या दातांनी तोडायला जाऊ नये. मऊ पदार्थाचे लहान घास घ्यावेत, दोन्ही बाजूंच्या दाढांवर सारखे वाटून चावावेत. रात्री कवळी काढून धुऊन स्वच्छ पाण्यात ठेवावी आणि हिरड्यांना विश्रांती द्यावी. जीभ, गाल आणि ओठ यांना नवी पातळी ओळखीची व्हायला वेळ लागतो. पातळी बरोबर असली की ती ओळख होते. महिना लोटला तरी कवळी टोचते, वाजते, उचलते असे होत असेल, तर 'माझ्याच तोंडाचा दोष' असे समजून गप्प बसू नका. दंतवैद्याकडे परत जा आणि त्याला म्हणा, "डॉक्टर, एकदा चावा तपासून पाहा." एवढे ऐकले की कुठून सुरुवात करायची ते त्याला कळेल.